चिनूक आला आणि हीटरचा व्हॉल्व्ह बदलला

साताऱ्यात गाडीचा हीटर कधी लावल्याचं मला आठवत नाही. इथे कॅनडात, कॅल्गरीला, जानेवारीत उणे २५ असताना हीटर नसेल तर श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. त्या आठवड्यात हीटर बंद पडला आणि लेकीला शाळेत सोडताना प्रत्येक सिग्नलला मी आतून काच खरवडत होते. लेक मागे गप्प बसली होती. मला फार भीती वाटली.

गॅरेजवाल्याने साडेचारशे डॉलर सांगितले, तेही आठवड्यानंतरची वेळ देऊन. शनिवारी सकाळी नऊला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. बाबांचं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं.

"इंजिनच्या तापमानाचा काटा वर येतोय का?"

येत होता. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तेही भरलेलं होतं.

"मग हीटरच्या पाइपांना हात लावून बघ. आधी गळ्यातला मफलर काढ, इंजिनच्या पट्ट्यात अडकेल."

व्हॉल्व्हच्या अलीकडचा पाइप हात टेकवेना इतका तापलेला, पलीकडचा थंडगार! डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की केबल ओढली जायची, व्हॉल्व्हची दांडीही हलायची, पण आतली झडप जागची हलत नव्हती. गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनात तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. व्हॉल्व्ह म्हणजे त्या वाटेवरचा नळ. तोच बंद पडला होता.

संध्याकाळी ४५ डॉलरचा नवा व्हॉल्व्ह आणि हातभर नवा पाइप आणला. रविवारी उठून बघते तर पश्चिमेला रॉकी पर्वतांवर ढगांची कमान आणि बाहेर अधिक ६! चिनूक आला होता. पर्वत उतरून येणारा हा कोरडा, उबदार वारा पारा काही तासांत वीस अंशांनी चढवतो. इथली माणसं त्याची वाट का बघतात ते त्या दिवशी कळलं.

इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना ते कधीच उघडू नये, अंगावर उकळतं कूलंट उडतं. खाली ट्रे ठेवला, पकडीने क्लिपा मागे सरकवल्या. पाइप मात्र चिकटून बसलेला. मी जोर लावला तसे बाबा फोनवरून ओरडले, "ओढू नको! आतली नळी पातळ असते, वाकली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. ब्लेडने उभी चीर दे." चीर दिली, आणि पाइप सालीसारखा सुटला. नव्या व्हॉल्व्हवर प्रवाहाचा बाण असतो, तो बघूनच बसवला.

थोडं कूलंट जमिनीवर सांडलं होतं. ते आधी पुसलं आणि धुतलं. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. शेजारचा कुत्रा रोज आमच्या अंगणातून जातो.

खरा वेळ गेला तो हवा काढण्यात. गाडीचं तोंड चढावर ठेवलं, बटण पूर्ण गरमवर केलं आणि झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. निम्मं पाणी असलेलं तयार कूलंट, जे उणे ३७ पर्यंत गोठत नाही, थोडं थोडं ओतत राहिले. डॅशबोर्डमागे आधी गुळगुळ आवाज, मग बुडबुडे, आणि वीसेक मिनिटांनी जाळीतून ऊब आली. लेकीने दोन्ही तळवे तिथे धरले.

सातारला रात्रीचे बारा वाजून गेले होते. बाबा म्हणाले, "फोन जाळीपाशी धर, ऐकू दे." थोडा वेळ ऐकलं. "उद्या सकाळी पातळी बघ परत."

सोमवारी दोन बोटं उतरली होती. तेवढं भरलं.