फोड येण्याआधीची दहा मिनिटं

वारीत गेलं की बळ आपोआप येतं, असं बरेच जण सांगतात. माझा अनुभव असा की बळ माघापासून नागपुरात साठवावं लागतं आणि ज्येष्ठ-आषाढात ते खर्च होतं.

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. वीस किलोमीटर एक दिवस कोणीही धडधाकट माणूस चालतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसाची, कारण सुजलेले पाय आणि अर्धी झोप घेऊन तेवढंच पुन्हा चालायचं असतं. म्हणून सराव शनिवार-रविवार असा लागोपाठ करावा. 5 किलोमीटरपासून सुरुवात आणि दर आठवड्याला फार तर दहाव्या हिश्शानं वाढ. चार महिन्यांत वीसच्या पुढं जाता येतं. यापेक्षा घाई केली की नडगी नाहीतर टाच धरते. फुटाळा तलावाकडून सेमिनरी हिल्सच्या टेकडीचा चढ चांगला, पण मांड्या दुखतात त्या उतरताना. स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून. घरच्या जिन्यानं उतरताना दर पायरीला मनात तीन आकडे मोजत सावकाश पाय टेकवला, तर रोजच्या येण्याजाण्यातच हा व्यायाम होतो.

नागपूरचा उन्हाळा इथं कामी येतो. रोज तासभर उन्हात चाललं की आठ-दहा दिवसांत शरीर शिकतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. दिवसभर एसीत बसलं की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. पण मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचं नाही. सकाळी सात ते साडेआठचं ऊन पुरतं. डोकं ठणकायला लागलं किंवा बोलताना शब्द चुकायला लागले, तर सावलीत बसून अंगावर पाणी ओतायचं, घरी कळवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

मनाचा सरावही चैत्रात सुरू करावा. आठवड्यातून दोन रात्री गादी सोडून सतरंजीवर, पंखा मंद ठेवून. बँकेच्या रांगेत मोबाईल खिशातच. साधं वाटतं, पण वारीत पहाटे तीनला टँकरपाशी रांगेत उभं असताना कोणीतरी मध्ये घुसतो, तेव्हा ही सवयच उपयोगी पडते. मला तिथं राग येतो, दरवर्षी येतो. शेजारच्या राहुटीत रात्री उशिरापर्यंत भोंगा चालू असला की काकड्याला उठताना तोंडात हरिनाम आणि पोटात चडफड, दोन्ही असतं.

एका वारीतली गोष्ट. दिवेघाट, जेजुरी, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं. फलटण सुटलं.

बरडच्या वाटेवर सकाळी भुरभुर पाऊस आणि मग कडक ऊन. मोजे ओले होते. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेत आग व्हायला लागली. हीच ती वेळ. ओली कातडी मऊ पडते, बुटाला चिकटते, आतलं हाड मात्र पुढंमागं सरकत राहतं. या ओढाताणीत कातडीचे थर आतून सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. माझ्या अनुभवात आग जाणवल्यापासून थांबायला फार तर दहा मिनिटं मिळतात. अभंग रंगात आला होता, दिंडी पुढं चालली होती, आणि थांबायचं मन होत नव्हतं.

मागून आवाज आला, “कायले इतकी घाई करतं बाप्पा? इठोबा काई पयून नाई चालला. बस इथं, पाय दाखव मले.” आपल्याकडची बोली ऐकून पाय आपसूक थांबले. सत्तरीची माउली, डोक्यावरचं तुळशीवृंदावन तिनं लेकीच्या हाती दिलं. माझा पाय स्वतःच्या पदरानं कोरडा केला. फोड धरलाच होता, चवलीएवढा. तिनं पिशवीतून सुई-दोरा काढला. वारीत दोरा ओवून फोडात ठेवायची पद्धत आहे, पण दोऱ्यावाटे जंतू आत जातात. मी म्हटलं, “माय, दोरा नको.” तिनं हट्ट केला नाही. लहान फोड न फोडलेलाच बरा. मोठा असला, चालणं अशक्य झालं, तर जंतुनाशकानं पुसलेल्या सुईनं कडेला टोचावं, पाणी काढावं, पण वरची कातडी मुळीच सोलू नये.

मग तिनं जे केलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा चौपदरी घडी करून मधोमध फोडापेक्षा थोडं मोठं भोक कापलं आणि ते कडं फोडाभोवती बसवलं. दाब कड्यावर येतो, फोड मोकळा राहतो. वरून चिकटपट्टी. माझे मोजे तिनं पिळून काठीला टांगले, कोरडे घालायला लावले. निघताना माझ्याच पाया पडली. मी तिच्या पडलो. नाव विचारायचं राहिलं.

पट्टी नेहमी कोरड्या पायाला, सुरकुती न पाडता लावायची. व्हॅसलीन लावलेल्या जागी ती टिकत नाही, म्हणून टाचेला पट्टी आणि बोटांमध्ये, जांघेत व्हॅसलीन. बूट अर्धा नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात, आणि निदान 80-100 किलोमीटर वापरलेले. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते टाळावे. मधुमेह असेल तर रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

पाण्याचं प्रमाण घोटून ठेवा: 1 लिटरला 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं; मळमळ होते, माणूस गोंधळतो. आडोसा मिळत नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि लघवीच्या जळजळीनं आजारी पडतात. याची मला चीड येते. वारी एवढी मोठी आणि आडोसा एवढा थोडा.

संध्याकाळी समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ गप्प होतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असतं तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, तेव्हा ते थांबतात. मी ही रीत घरी आणली आहे. दिवसाचं जे खुपलं ते जेवणाआधी, ज्याच्याशी संबंध त्यालाच, दोन वाक्यांत सांगायचं. उद्यावर ढकललं की टाचेसारखं आतून सुटत जातं.

वाखरी, मग पंढरपूर. कळसाचं दर्शन घेतलं आणि गाडी धरली.

नागपूरला आल्यावर पहिला आठवडा लांब चालू नये. काळं पडलेलं नख उपटू नये, खालून नवं येतं. अंगठ्याचं पूर्ण यायला वर्षही लागतं. नंतर आठवड्यातून दोन दिवस 5-6 किलोमीटर चालू ठेवलं, तर माघात पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागत नाही.