फिस्टुला दाबून बघा की!

"मशीनवर बसलं की हात ठणकतो, बर्फावानी गार पडतो." अंबड तालुक्यातल्या मावशी. डायलिसिससाठी उजव्या कोपराजवळ केलेला फिस्टुला, म्हणजे धमनी-शिरेची जोडणी, छान थरथरत होता, पण मधल्या बोटाचं टोक काळं पडलेलं. डायलिसिसवाल्यांनी शुगरमुळे नसा गेल्या म्हणून गोळ्या चालू ठेवल्या होत्या.

मी फिस्टुला अंगठ्याने दाबून धरला. मनगटावर न लागणारी नाडी लागली, बोटांना रंग आला. या तपासणीला ना मशीन लागतं, ना मंजुरी. तरी कुणी करत नाही!

फिस्टुलात धमनी थेट शिरेला जोडलेली. रक्त सोप्या वाटेने शिरेत पळतं, पंजाकडचंही उलटं फिरतं. डायलिसिसमध्ये बीपी उतरलं की ठणका वाढतो.

मुलगा म्हणाला, "बंदच करून टाका ना, साहेब." ते सोपं. मग डायलिसिस कुठून? डाव्या हाताच्या शिरा सलाईनने कधीच संपवलेल्या. आपल्याकडे जरा थकवा आला की लाव सलाईन. किडनीच्या पेशंटच्या शिरा राखायच्या असतात, हे डॉक्टरांनाच सांगावं लागतं.

फिस्टुला आवळून अरुंद करावा, तर डॉपलरवर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) त्यातला प्रवाह मिनिटाला जेमतेम ७०० मिली. आवळला असता तर गुठळीच झाली असती. म्हणून 'ड्रिल' (DRIL) केलं, म्हणजे पंजाला नव्या वाटेने रक्त द्यायचं आणि मधली धमनी बांधायची. ही शस्त्रक्रिया १९८८ची. मांडीची शीर काढून उलटी फिरवली, नाहीतर तिच्या झडपा रक्त अडवतात. वरचं टोक फिस्टुल्याच्या चांगलं वर, दंडातल्या धमनीला जोडलं, कारण फिस्टुल्याजवळ दाब कमी असतो. खालचं टोक फिस्टुल्याच्या पलीकडे, पंजाकडच्या धमनीला. मग फिस्टुला आणि हे खालचं टोक यांच्या मधली धमनी बांधली. "सर, चांगली धमनी बांधायची?" रेसिडेंटचा चेहरा बघण्यासारखा होता. बांधल्याशिवाय उलटा प्रवाह थांबत नाही, बाबा. टाके संपले तेव्हा बोटावर डॉपलरचा आवाज खणखणीत होता.

बोटाचं टोक गेलं, पंजा गरम झाला, ठणका थांबला. फिस्टुला चालू आहे.

पण त्या पंजाची भिस्त आता मुख्यतः मांडीच्या शिरेवर. धमनी न बांधता फिस्टुल्याला लागणारं रक्त धमनीच्या आणखी वरच्या भागातून घेता आलं असतं. त्याला बहुधा कृत्रिम नळी लागते आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये तिला इन्फेक्शनची भीती. हा हिशोब मी अजून मांडतोय. मुलाला मनगटाची नाडी बघायला शिकवलंय. लागली नाही तर फोन करत बसायचं नाही, गाडी काढायची.