बारशातला वाद
आज निपाणीत भाचीचं बारसं झालं. बहिणीनं नाव काढलं किरण, तर पाळण्याची दोरी हातात धरूनच तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे पोराचं नाव की!" मला ते लागलं. आपल्या चिकोडी-निपाणी भागात जैन घरांतून शीतल नावाचे कितीतरी बाप्ये आहेत, दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांच्यावरून ठेवलेलं नाव. त्यांना कुणी बायकी म्हणत नाही. मग पोरीनं किरण असायला काय हरकत? मुलाला मुलीचं नाव ठेवलं तर शाळेत पोरं चिडवतात, ही भीती मात्र खरी आहे. पण तो दोष चिडवणाऱ्यांचा, नावाचा नव्हे. आत्यानं कानात कुर्रर्र करून किरणच ठेवलं. जन्मदाखल्यावरही तेच घाल, असं बहिणीला बजावून आलोय.