मधल्या खंडाच्या बाजूने

टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या तीन खंडांपैकी सर्वांत प्रिय कोणता, असा विषय आमच्या वाचणाऱ्या गोतावळ्यात निघाला की मी दुसऱ्या खंडाचे, म्हणजे 'द टू टॉवर्स'चे नाव घेते आणि दर वेळी एकटी पडते. संध्याकाळी अंबाझरीच्या काठाने माझ्याबरोबर फिरायला येणारी मैत्रीण पहिल्या खंडाच्या बाजूची आहे. शायरमधील ती सुखवस्तू घरे, बिल्बोचा वाढदिवस आणि मोरियाच्या खाणीतील काळोख तिला कधी जुना वाटत नाही. भाच्याचे मत तिसऱ्याला. "मावशी, सगळं जिथे फळाला येतं तो खंड सोडून तुला मधलाच कसा काय आवडतो?" असे तो मला अगदी मनापासून विचारतो. दोघांचीही कारणे भक्कम आहेत. तरीही माझे उत्तर बदललेले नाही आणि ते का बदलत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

मुळात टॉल्किन यांच्या दृष्टीने ही तीन पुस्तके नव्हतीच. ती सहा भागांची एक अखंड कथा होती: बाळगणाऱ्याला मोहात पाडणारी एक दुष्ट अंगठी शत्रूच्याच मॉर्डोर देशातील अग्निपर्वतात नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोची, म्हणजे हॉबिट या ठेंगण्या जमातीतल्या एका साध्या जिवाची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात कागद महाग होता आणि एवढा अवाढव्य ग्रंथ एकाच बांधणीत काढण्यात फार मोठी जोखीम होती, म्हणून अ‍ॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने प्रत्येकी दोन भागांचे तीन खंड केले. पहिला खंड जुलै १९५४ मध्ये, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये आला. दुसऱ्या खंडाचे नावही या विभागणीमुळेच शोधावे लागले आणि ते दोन मनोरे नेमके कोणते, याविषयी खुद्द लेखकाच्या मनात बराच काळ निश्चिती नव्हती; पहिल्या खंडाच्या शेवटी छापलेल्या टिपणात मात्र मांत्रिक सारुमानचा ओर्थांक आणि मॉर्डोरच्या वाटेवरचा मिनास मॉर्गुल अशी नावे आली. तेव्हा यातला एखादा खंड वेगळा काढून त्यावर प्रेम करण्यात अर्थ नाही, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण प्रकाशकाच्या अडचणीतून पडलेल्या या विभागणीने दुसऱ्या खंडाला जो आकार दिला, तसा आकार दुसऱ्या दोघांना नाही.

हा आकार असा की खंडाचे दोन भाग एकमेकांत मिसळतच नाहीत. तिसऱ्या भागात अ‍ॅरागॉर्न, लेगोलस, गिमली, मेरी, पिपिन हे फ्रोडोचे सोबती आणि मेला असे वाटत असताना परत आलेला मांत्रिक गँडाल्फ यांची कथा येते व त्यात फ्रोडो आणि त्याचा सेवक सॅम क्षणभरही दिसत नाहीत. चौथ्या भागात फ्रोडो, सॅम आणि एके काळी ती अंगठी बाळगून तिच्या हावेने पोखरलेला गॉलम आहेत. तिथे बाकीच्यांचे काय झाले याचा कोणालाच पत्ता नाही. धरमपेठेतील ज्या ग्रंथालयातून मी पुस्तके आणते, तिथल्या संचातला पहिला खंड हाताळून मऊ झाला आहे आणि दुसऱ्याची पाने मध्यापासून पुढे अजून कडक आहेत. बरेच वाचक इथेच पुस्तक खाली ठेवतात, असे मला वाटते. घोडदळाच्या, किल्ल्यांच्या आणि राजसभांच्या वेगवान कथेतून एकदम बाहेर काढून लेखक आपल्याला दगडधोंड्यांत वाट चुकलेल्या दोन दमलेल्या जिवांपाशी नेऊन सोडतो, हे अनेकांना सहन होत नाही.

मला मात्र त्या तुटलेपणातच या खंडाचे सामर्थ्य दिसते. गँडाल्फ जिवंत आहे हे तिसऱ्या भागातच आपल्याला कळलेले असते, आणि पुढची शेकडो पाने आपण ज्यांच्याबरोबर चालतो ते फ्रोडो आणि सॅम तो मेला असे धरूनच पाऊल टाकत असतात. मॉर्डोरच्या काळ्या दरवाजासमोर, पुढे जाण्याचा मार्ग बंद झालेला असताना, फ्रोडो गँडाल्फने काय सल्ला दिला असता याचा विचार करीत बसतो. त्याच ठिकाणी निवेदक आपल्याला सांगतो की सारुमानशी शेवटचे शब्द बोलताना आणि ओर्थांकच्या पायऱ्यांवर दूरचे दाखवणारा तो दिव्य गोल येऊन आदळला तेव्हाही गँडाल्फचे मन फ्रोडो आणि सॅमकडेच लागलेले होते. तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टातील कालपट उघडून पाहिला तर या दोन्ही घटना ५ मार्च या एकाच दिवसाच्या नोंदीत सापडतात. एकाला दुसऱ्याची आठवण येते, दुसऱ्याला पहिल्याची काळजी वाटते, आणि दोघांनाही ते कळण्याचा काही मार्ग नाही. कळते फक्त वाचकाला. दोन्ही कथा आलटून पालटून सांगितल्या असत्या तर हे ओझे वाचकावर आलेच नसते.

तिसऱ्या भागाविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याला चाहते पुष्कळ आहेत. बोरोमिरचा मृत्यू, तीन दिवस चाललेली एंट वृक्षपालांची सभा, हेल्म्स डीपची रात्र हे सारे सुंदरच आहे. पण मी पुन्हा पुन्हा वाचते ते सारुमानच्या आवाजाचे प्रकरण. त्याचे सैन्य संपलेले आहे, आवार पाण्याखाली गेले आहे, उरला आहे तो केवळ आवाज. तो बोलू लागताच ऐकणाऱ्यांना त्याचे म्हणणे शहाणपणाचे वाटू लागते आणि त्याला विरोध करणारे उद्धट वाटू लागतात. राजा थेओडेन बराच वेळ गप्प राहतो. त्याच्या तोंडून नकार निघेपर्यंत त्याचे स्वारही श्वास रोखून उभे असतात. एकही शस्त्र न चालवता लढली गेलेली ही लढाई मला हेल्म्स डीपच्या लढाईपेक्षा मोठी वाटते.

खरा विषय चौथ्या भागाचा आहे. टॉल्किन यांनी हा भाग मुख्यतः १९४४ साली लिहिला आणि त्याची प्रकरणे ते आपल्या मुलाला, क्रिस्टोफरला, पाठवीत राहिले; तो तेव्हा ब्रिटिश हवाईदलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, म्हणजे ज्या देशात १८९२ साली त्याच्या वडिलांचा जन्म झाला होता तिथेच. वडिलांनी स्वतः १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधील सोम नदीच्या आघाडीवर युद्ध पाहिले होते. मृतांच्या दलदलीचे प्रकरण, ज्यात पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे फिकट उजेडात दिसत राहतात, ते या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे अंगावर येते. सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचे ऋण त्या दलदलीवर आणि काळ्या दरवाजापर्यंतच्या प्रदेशावर काही प्रमाणात आहे, असे त्यांनी पुढे एका पत्रात मान्य केले होते.

या भागात युद्धाची वर्णने जवळजवळ नाहीत, तरी युद्धाविषयीची सर्वांत खरी ओळ इथेच आहे असे मला वाटते. झुडपांत लपलेल्या सॅमच्या जवळच शत्रूकडचा एक दक्षिणी सैनिक मरून पडतो. त्याचे नाव काय असेल, तो कुठून आला असेल, तो मनाने खरोखरच दुष्ट होता की कोणाच्या खोट्या बोलण्याने किंवा धाकाने घर सोडून इतक्या लांब आला, त्याला घरीच राहणे आवडले नसते का, असा विचार सॅमच्या मनात येतो आणि पुढच्या क्षणी कथा दुसरीकडे वळते. २००२ सालच्या चित्रपटात हे विचार फॅरामिर या सेनानायकाच्या तोंडी घातले आहेत. चित्रपट मला प्रिय असूनही हा बदल मला पटलेला नाही. बागकाम करणाऱ्या साध्या सॅमला, ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच माणसांची माणसांशी लढाई पाहिली, हा प्रश्न पडावा यातच त्याचे मोल आहे. फॅरामिरचेही तसेच. पुस्तकातला फॅरामिर ही अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असे म्हणतो आणि ते पाळतो. ज्या खंडाचा आरंभ अंगठीच्या मोहात पडलेल्या बोरोमिरच्या मरणाने होतो, त्याच खंडात त्याचा सख्खा भाऊ तो मोह बाजूला सारतो, ही जोडणी चित्रपटात ओसाड ऑस्गिलिअथ शहराकडे वळण घेताना सैल झाली.

आणि मग मॉर्डोरमध्ये शिरणाऱ्या किरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्या. माझे मत ज्या एका पानावर उभे आहे, ते पान इथे येते. फ्रोडो आणि सॅम थकून झोपले आहेत, फ्रोडोचे डोके सॅमच्या मांडीवर आहे. गॉलम त्यांना शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या तोंडी देण्याची तजवीज करूनच परतलेला असतो, पण त्या दोघांना तसे झोपलेले पाहून त्याच्या चेहऱ्यावरची हाव विझते, तो एका म्हाताऱ्या, थकलेल्या, कोणी न उरलेल्या हॉबिटसारखा दिसू लागतो आणि हळूच हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि मालकाच्या अंगाला हात लावणाऱ्या या चोरट्यावर खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा ती हिरवी चमक येते. तो क्षण गेलेला असतो. सॅम नंतर ओशाळून माफीही मागतो, पण आता त्याचा उपयोग नसतो.

हे पान वाचताना मला दर वेळी उद्योगपर्व आठवते. महाभारताच्या अठरा पर्वांतही माझे मन युद्धाच्या पर्वांपेक्षा त्याच पर्वात अधिक रमते, कारण तिथे सारे अजून टळू शकले असते. कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माची हकीकत सांगतो, नंतर कुंतीही त्याला भेटते, आणि कर्ण सारे जाणून, दुर्योधनाच्या स्नेहाला जागून, नकार देतो. त्याच्या नकाराला एक उंची आहे. गॉलमच्या वाट्याला ती उंचीही येत नाही. त्याला कोणी विचारतच नाही, त्याने काही निवडण्याच्या आतच एका प्रामाणिक, प्रेमळ माणसाच्या कठोर शब्दाने दार बंद होते. सॅमचा दोष म्हणावा तर तो मालकावरच्या निष्ठेपोटी घडलेला आहे, म्हणून तर त्याला दोष म्हणायलाही जीभ रेटत नाही. १९६३ सालच्या एका पत्रात टॉल्किन यांनी हाच आपल्या कथेतला सर्वांत शोकात्म क्षण असल्याचे लिहिले आहे.

भाच्याचा मुख्य मुद्दा असा की कथेचा निकाल तिसऱ्या खंडात, अग्निपर्वताच्या कड्यावर लागतो. ते खरे आहे. पण तिथे काय होते ते नीट पाहिले पाहिजे. फ्रोडो अंगठी टाकत नाही, ती आपली म्हणतो. गॉलम ती त्याच्या बोटासकट तोडून घेतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. गॉलम तिथवर जिवंत पोहोचतो तो दुसऱ्या खंडात त्याला मिळालेल्या दयेमुळे: डोंगरात तो हाती सापडला असताना फ्रोडोने त्याला मारले नाही, आणि निषिद्ध तळ्याकाठी फॅरामिरच्या माणसांचे बाण रोखलेले असताना फ्रोडोने त्याच्या जिवासाठी रदबदली केली. तिसऱ्या खंडातला तो प्रचंड क्षण अशा लहान लहान निर्णयांनी आधीच बांधलेला आहे.

१९६३च्या त्या पत्रात टॉल्किन यांनी एक शक्यताही मांडली आहे. पायऱ्यांवर सॅम वेगळे वागला असता तर गॉलमने शेवटी अंगठी हिसकावलीच असती, पण एकदा ती हाती आल्यावर फ्रोडोसाठी त्याने आपण होऊन आगीत उडी घेतली असती, असे त्यांना वाटत होते. भाचा म्हणतो की तसा शेवट झाला असता तर कथा दुबळी झाली असती, कारण मग कोणाचेच मन अंगठीपुढे हरले नसते. मला वाटते की फ्रोडोचे मन तर तेव्हाही हरलेच असते, फक्त गॉलम आपल्या इच्छेने मेला असता आणि सॅमला ते पाहावे लागले असते. यावर मे महिन्याच्या कितीतरी दुपारी कूलरच्या घरघरीत आम्ही वाद घातला आहे, आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.