कुंपणावरचा थिरथिरा

९ ऑक्टोबरच्या सकाळी, साडेसातच्या सुमारास, परसातल्या कुंपणाच्या तारेवर थिरथिरा येऊन बसला. बसल्या जागी त्याची तांबूस शेपटी अशी काही थरथरत असते, की दुर्बीण हाताशी नसली तरी ओळख पटते. पाठ आणि छाती काळी, पोट विटकरी, वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. हिमालयाच्या आणि मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखात उन्हाळा काढून हा पक्षी हिवाळ्यासाठी खाली उतरतो आणि आमच्या अंगणाचा एक कोपरा आपला मानून वसंतापर्यंत राहतो. मागच्या वर्षी तो १२ ऑक्टोबरला दिसला होता, त्याआधीच्या वर्षी ६ ऑक्टोबरला. या तारखा इतक्या खात्रीने सांगता येतात त्या फोटोंमुळे.

गावाबाहेर शेताला लागून असलेल्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा ४०० मिलिमीटरची लेन्स मी घेतली होती ती सुंदर चित्रांसाठी. पक्षी चौकटीत नेटका बसलेला, डोळ्यात उजेडाचा ठिपका आणि मागे धूसर हिरवळ, असे फोटो मी ठेवत असे आणि बाकीचे त्याच संध्याकाळी पुसून टाकत असे. त्या पुसलेल्या फोटोंची हळहळ मला आजही वाटते, कारण पहिल्या वर्षी कोण कधी आले आणि कधी गेले याचा पुरावा त्यांतच होता. आता फांदीआडचा, अर्धवट फोकस झालेला फोटोसुद्धा मी ठेवते, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे ना, हे दर महिन्याला पाहते.

फोटो जपून ठेवण्याचा उपयोग मला शिंजिराने शिकवला. शिंजीर म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. सावलीत बसलेला नर निव्वळ काळा दिसतो; त्याने मान जराशी वळवली आणि ऊन नेमक्या कोनातून पडले, की तीच पिसे निळी-जांभळी झळाळू लागतात, कारण ही झळाळी रंगद्रव्यापेक्षा पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. म्हणून सकाळच्या पहिल्या दोन तासांत, ऊन माझ्या पाठीशी असताना मी त्याची वाट पाहते. पहिल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक अनोळखी पक्षी दिसला : पाठ मातकट, पोट पिवळसर आणि हनुवटीपासून पोटापर्यंत उतरलेला एकच गडद पट्टा. वहीत मी त्याची ‘नवीन’ म्हणून नोंद केली. पुढच्या वर्षी महिनोन् महिन्यांचे फोटो ओळीने लावून पाहिले तेव्हा कळले, की विणीचा हंगाम संपल्यावर शिंजिराचा नरच आपला चमकदार पेहराव उतरवून असा साधा होतो आणि पुढे पिसापिसाने पुन्हा काळा होत जातो. ते फोटो मी कितीदा पाहिले असतील, याची गणती नाही.

उन्हाळ्यात सगळी लगबग पाण्याभोवती असते. दोन इंचांहून खोल नसलेले, खरखरीत तळाचे पसरट भांडे सावलीत ठेवावे आणि रोज घासावे, एवढेच त्याचे शास्त्र.

पावसाळ्यात उजेड कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. तरीही माझे सर्वांत जास्त फोटो याच दिवसांतले आहेत, कारण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तेव्हा सुगरणीचे खोपे लागतात. नाव स्त्रीलिंगी असले तरी विणकाम करतो तो पिवळ्या माथ्याचा नर. खोपा अर्धा झाला, की तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पाहणी करते, पसंत पडला तर राहते, आणि मगच तो खालची नळी विणून काम पूर्ण करतो व लगेच दुसरा खोपा मांडतो. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमच्या मुक्कामात हा व्यवहार बारकाईने नोंदवला होता. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच लोंबकळत राहतात. गेल्या वर्षी एकाच जागेवरून रोज एक फोटो मी अठ्ठेचाळीस दिवस घेतला.

एक गोष्ट सांगायला जड जाते. तीन वर्षांपूर्वी जास्वंदीच्या झुडपात, कमरेएवढ्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाचे घरटे होते आणि आत तीन पिल्ले होती. मध्ये येणारी एक फांदी मी सुतळीने बाजूला बांधली, मनासारखे फोटो घेतले आणि दोन तासांनी ती सोडली. दुसऱ्या सकाळी झुडपातून भारद्वाज बाहेर पडला. घरटे रिकामे होते आणि चोचीत अळी धरलेला बुलबुल तारेवर बराच वेळ बसून होता. फांदी न हलवताही भारद्वाजाला ते सापडले असते, असे अनेकांनी समजावले. मला ते पटत नाही. ते फोटो मी कोणालाही दाखवलेले नाहीत. झुडपातल्या घरट्याकडे तेव्हापासून मी कॅमेरा वळवत नाही. खोपे उघड्यावर लोंबतात आणि लांबूनच टिपता येतात, म्हणून तेवढी मुभा मी घेते.

आता पुन्हा थिरथिऱ्याकडे. दोन हिवाळ्यांपूर्वीचा एक फोटो संगणकावर मोठा करून पाहताना त्याच्या डाव्या पायाचे मागचे बोट नखापाशी तुटलेले दिसले होते. गेल्या हिवाळ्यातल्या फोटोतही तेच बोट तसेच होते. त्यामुळे यंदा तो आल्यापासून मला त्याचा चेहरा नको होता, पाय हवा होता. तारेवर त्याचे पोट पायांवर झुकलेले असते आणि जमिनीवर उतरला की गवत आड येते. शेवटी १३ तारखेला, किडा टिपून तो पाण्याच्या भांड्याशेजारच्या दगडावर क्षणभर ताठ उभा राहिला तेव्हा सलग नऊ फोटो निघाले. आठांत शेपटीच्या जागी नुसते तांबूस धुके आहे आणि डोळा बंद आहे. नवव्यात डोकेच चौकटीबाहेर गेले आहे, पण डावा पाय स्वच्छ दिसतो आणि त्याचे मागचे बोट तुटलेले आहे.