गळ्यावर प्रोब टेकवण्याआधी: थायरॉइडमधलं आयोडीन मोजताना

आयोडीन-१३१ या किरणोत्सारी आयोडीनचा अर्धायुकाल ८ दिवसांचा, म्हणजे तेवढ्यात ते आपोआप निम्मं होतं. शरीरही ते बाहेर टाकत असतं, त्यामुळे वर्षाच्या बाळाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत ते साधारण ५ दिवसांतच निम्मं होतं. अणुअपघातानंतर ही मोजणी लांबवली की पुरावाच विरून जातो.

जपानमधल्या फुकुशिमात अणुअपघातानंतर, २६ ते ३० मार्च २०११ दरम्यान, इवाकी, कावामाता आणि इइताते इथल्या १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी झाली. साधन होतं सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचं सर्व्हे मीटर, म्हणजे किरण मोजायचं हातातलं यंत्र. अशा मीटरने मोजताना आधी मान ओल्या कापडाने पुसायची, प्रोबवर, म्हणजे मीटरच्या किरण टिपणाऱ्या भागावर, प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि तो कंठमण्याच्या खाली मधोमध टेकवायचा. टाइम कॉन्स्टंट (आकडा स्थिरावण्याचा मीटरचा वेग ठरवणारा काळ) १० सेकंदांचा असेल तर निदान ३० सेकंद थांबायचं. मूल हललं की पुन्हा सुरुवात. प्रोब जरासा सरकला तरी आकडा बदलतो.

खरा घात करते ती पार्श्वभूमी, म्हणजे आसपासचे किरण. खोलीतच ताशी ०.२ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणांच्या डोसचं एकक) असेल, तर गळ्यातले ०.०२ कसे दिसणार? म्हणून जाड भिंतींच्या इमारतीतली आतली खोली शोधायची. गळ्यावरच्या आकड्यातून वजा करायचा पार्श्वभूमीचा आकडाही हवेतला घेऊ नये. शरीर मागचे किरण अडवतं, त्यामुळे हवेतला आकडा वजा केला तर जास्तच वजाबाकी होते, कधी उत्तर उणे येतं. तो मांडीवर किंवा खांद्यावर घ्यावा. मात्र कपड्यांवर धूळ असेल तर तोही फसवा, म्हणून कपडे आधी बदलायला लावावेत.

फुकुशिमात ताशी ०.२ मायक्रोसिव्हर्ट ही मर्यादा होती: वर्षाच्या बाळाच्या थायरॉइडला १०० मिलिसिव्हर्ट डोस मिळाल्याची ती खूण. १,०८० वैध नोंदींपैकी एकही तिच्यावर गेली नाही. पण ६६ मुलांच्या नोंदी पार्श्वभूमीमुळे बाद कराव्या लागल्या, हे मला जास्त बोचतं. ती मोजणी पुन्हा करता येत नाही.

सर्व्हे मीटरला आयोडीन आणि सीझियम (अपघातातलंच दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य) यांतला फरक कळत नाही. त्यासाठी किरण ऊर्जेनुसार वेगळे दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर आयोडीन-१३१चं ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (keV) ऊर्जेचं शिखर पाहावं लागतं. स्पेक्ट्रोमीटरचं कॅलिब्रेशन ॲक्रिलिकच्या कृत्रिम मानेत बेरियम-१३३ ठेवून करता येतं, कारण बेरियमचं ३५६ keVचं शिखर अगदी जवळ आहे. लहान मुलासाठी मानही लहानच हवी.

नंतर डोसचा हिशेब तारखेवर अडतो, कारण मधल्या दिवसांत किती आयोडीन विरलं ते तिच्यावर ठरतं. बाळाला २८ मार्चला मोजलं आणि आयोडीन १५ला शरीरात गेलं असं धरलं, तर येणारा डोस २३ तारीख धरून येणाऱ्या डोसच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून आकड्याशेजारीच लिहून घ्या: मूल कोणत्या दिवशी कुठे होतं, पाणी कुठलं, दूध कुठलं, बचावासाठीची (साध्या) आयोडीनची गोळी दिली का आणि किती वाजता.