आमची वाटचाल : रेवदंड्याची जनरेटर गाडी

लग्नाच्या मांडवापासून आम्ही सुरुवात केली. काशिद-मुरूडकडे शूटिंगची युनिटं यायला लागली तसे दोन सोलर, चार बेबी असे शूटिंगचे दिवे घेतले आणि १९९७च्या मे महिन्यात पतपेढीचं कर्ज काढून ६२.५ केव्हीएची जनरेटर गाडी उभी केली.

गणपतीनंतर काशिदला वीस दिवसांचं काम ठरलं होतं. १२ ऑगस्टला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांना गोळ्या घातल्या. आमचे निर्माते मोठे नव्हते, तरी खंडणीचा फोन त्यांनाही आला होता. काम रद्द झालं. त्या काळी बँका सिनेमाला दारात उभं करत नसत. पैसा सावकाराचा, आणि सावकारामागे कोण, हे कुणी विचारत नसे. १९९८मध्ये सरकारनं उद्योगाचा दर्जा जाहीर केला, पण आमचे हप्ते तोवर थकले होते.

जानेवारी २०००मध्ये राकेश रोशन यांच्यावर सांताक्रूझला गोळीबार झाला. पुढच्याच महिन्यात रात्री अकराला आमचा फोन वाजला. "दोन पेटी तयार ठेव. दहा तारखेचा हप्ता भरतोस ना, तसंच हे." पेटी म्हणजे लाख. मला घाम फुटला. हिने मात्र विचारलं, "दुबईच्या माणसाला आपल्या पतपेढीची तारीख कशी ठाऊक?" सकाळी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. फोन पुन्हा आला नाही.

पण तालुक्यातला दुसरा लाइटवाला युनिटांना सांगत सुटला, "रेवदंड्याच्या गाडीवर भाईंची नजर आहे." त्याचं खातं आमच्याच पतपेढीत. पुरावा नाही, म्हणून नाव घेत नाही. तो हंगाम त्यानं भरून घेतला, आमची गाडी अंगणात उभी.

दादरचे एक प्रॉडक्शन मॅनेजर, आम्ही त्यांना काका म्हणतो, तेवढे हलले नाहीत. निर्मात्याला म्हणाले, "गाडी रेवदंड्याचीच येईल, नाहीतर मी येत नाही." त्या आठ दिवसांच्या भाड्यात तीन हप्ते फिटले.

नव्या पोरांना सांगतो, वाळूत अर्थिंगचा रॉड ओला ठेवा. खाऱ्या हवेनं केबलचे लग, म्हणजे टोकाचे धातूचे जोड, हिरवे पडतात, दर पॅक-अपला पुसा. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. धमकी आली तर लेखी तक्रार द्या आणि पोच जपा. आमची पोच गाडीच्या कागदपत्रांतच असते.

मागच्या दिवाळीत त्या लाइटवाल्याचा मुलगा केबल मागायला आला. दिली. भाडं आधी मोजून घेतलं.